लहान ट्रॅक्टर सुरू न झाल्यास दोषाचा शोध कसा घ्यावा

जालना शहरालगतची औद्योगिक वसाहत, जिला सर्व लोक एमआयडीसी म्हणतात, ती लोखंडी सळयांच्या कारखान्यांमुळें व बियाण्यांच्या कंपन्यांमुळें दूरवर प्रसिद्ध आहे. जिल्ह्यांत मोसंबीच्या बागाही पुष्कळ आहेत. झाडांच्या दोन ओळींमधून फिरूं शकेल असा अरुंद, लहान ट्रॅक्टर अशा बागांत फार सोयीचा पडतो. त्यास फवारणीचें, गवत कापण्याचें किंवा रोटाव्हेटरचें अवजार जोडतां येतें. परंतु जमिनीस वाफसा आला आहे, मजूर बांधावर येऊन बसले आहेत, आणि चावी फिरवूनही यंत्र ढिम्म हालत नाहीं, अशा सकाळीं मालकाची काय अवस्था होते हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. मग कोणी यंत्रास दोर बांधून तें वसाहतीकडे ओढून नेतो, तर कोणी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नवी बॅटरी विकत घेतो. वस्तुतः दोष पुष्कळदां सैल तारेचा किंवा गंजलेल्या टर्मिनलचा असतो.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९०३ सालीं लोखंडी नांगर करावयास घेतला. त्या नांगराचा फाळ मोडला तर तो डोळ्यांस दिसत असे. इंजिनाचा दोष तसा दिसत नाहीं; तो ऐकून व तर्क करून काढावा लागतो. महसूल खात्यांत पंचनाम्याचा एक नियम असतो: आधीं स्थळ जसें आहे तसें पाहावें, मग कशासही हात लावावा. येथेंही तोच नियम लागू आहे. एका वेळीं एकच गोष्ट तपासावी. चार ठिकाणीं एकदम हात घातला, तर यंत्र सुरू झालें तरी दोष कोठें होता हें कळत नाहीं.

प्रथम आसनावर नीट बसावें, गियर न्यूट्रलमध्यें ठेवावा, हातब्रेक ओढावा, पीटीओ बंद करावा, क्लच पूर्ण दाबावा आणि मग चावी फिरवून आवाज ऐकावा. आवाजावरून दोषाची हद्द ठरते.

(१) कांहींच आवाज नाहीं. अशा वेळीं दिवे लावून पाहावे. दिवेही लागत नसतील तर बॅटरीचीं टर्मिनलें, अर्थिंगची तार व मुख्य फ्यूज पाहावे. दिवे लख्ख लागत असतील तर बॅटरीस दोष देऊं नये. चावीचा स्विच, सेल्फचा फ्यूज आणि सुरक्षेचे स्विच तपासावे. पुष्कळ लहान ट्रॅक्टरांत क्लच किंवा गियर यांस असा स्विच जोडलेला असतो. कारखान्यांच्या आवारांत हिरवळ कापण्यासाठीं जें बसून चालविण्याचें यंत्र वापरतात, त्यांत तो आसनाखालीं, ब्रेकपाशीं व पात्याच्या खटक्यापाशींही असतो. धूळ साचून किंवा उंदरांनीं तार कुरतडून हे स्विच काम देईनासे होतात.

(२) टक् असा एकच आवाज, किंवा टकटक असा भराभर आवाज. भराभर टकटक होत असेल तर बहुधा बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल असतें. एकच टक् ऐकूं येत असेल तर जाड तारा, अर्थिंग, व तीं चांगलीं असल्यास सेल्फ पाहावा. बॅटरीचें माप मीटरनें घ्यावें. यंत्र रात्रभर उभें असतां १२.६ व्होल्टच्या आसपास माप आलें तर ती भरलेली समजावी. १२ व्होल्ट किंवा त्याहून कमी असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे. सेल्फ मारीत असतां माप साडेनऊ व्होल्टच्या खालीं उतरत असेल तर बॅटरी अशक्त झाली म्हणावी. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असल्यास खाण्याचा सोडा पाण्यांत कालवून ती धुवावी; तें पाणी बॅटरीच्या आंत जाऊं देऊं नये. तारा सोडतांना ऋण बाजूची तार आधीं काढावी व जोडतांना ती शेवटीं लावावी. म्हणजे पाना लोखंडास टेकला तरी ठिणगी उडत नाहीं. बॅटरीतून पेट घेणारा वायु निघतो. सबब तिच्याजवळ विडी ओढणें सर्वथा वर्ज्य होय.

(३) इंजिन जोमानें फिरतें, पण पेट घेत नाहीं. येथें बॅटरीचा संबंध संपला. डिझेल व हवा यांचा विचार करावा. इंजिन बंद करण्याची दांडी ओढलेलीच राहिली आहे काय, हें सर्वांआधीं पाहावें. मग टाकींतील डिझेल, तिची तोटी व हवेचा फिल्टर पाहावा. धुराड्यांतून मुळींच धूर येत नसेल तर डिझेल इंजिनापर्यंत पोंचत नाहीं असें समजावें. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोंचतें पण जळत नाहीं. टाकी एकदां कोरडी पडली कीं नळींत हवा शिरते. ती काढण्यास फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप चालवावा, आणि बुडबुडे थांबून सलग धार आली म्हणजे स्क्रू आवळावा. इंजेक्टरकडे जाणाऱ्या बारीक नळ्यांपाशीं मात्र हात नेऊं नये. तेथील दाबाची धार कातडी भेदून आंत शिरते. सेल्फ एका वेळीं दहा सेकंदांहून अधिक मारूं नये, आणि मध्यें त्यास मिनिटभर विसांवा द्यावा.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कांहीं मिस्त्री व कांहीं घरचे तरुण, खालीं उभे राहून सेल्फच्या दोन टोकांस स्क्रूड्रायव्हर लावतात व यंत्र सुरू करतात. किंवा सुरक्षेच्या स्विचच्या तारा एकत्र पिळून तो कायमचा निकामी करतात. त्यानें काम भागतें खरें. परंतु गियर पडलेला असल्यास इंजिन पेटतांच ट्रॅक्टर पुढें सरकतो, आणि मोठ्या चाकापुढें उभ्या असलेल्या माणसास बाजूस होण्यास अवधिच मिळत नाहीं. तो स्विच माणूस आसनावर असल्याची व गियर मोकळा असल्याची साक्ष घेतो. असा साक्षीदार खोटा पाडून मिळविलेली दहा मिनिटें घरच्या कर्त्या पुरुषाच्या जिवाहून मोलाचीं नाहींत. स्विच बिघडला असेल तर नवा बसवावा. तोंवर काम एक दिवस मागें पडलें तरी चालेल.

वरील तपास करूनही दोष न सांपडला, तर यंत्र जाणत्या मिस्त्र्याकडे अवश्य न्यावें. पण कोणता आवाज आला, व्होल्ट किती भरले व धूर कसा होता, हें कागदावर लिहून न्यावें. म्हणजे तपास पहिल्यापासून करावा लागत नाहीं, व अनावश्यक सुटे भागही गळ्यांत पडत नाहींत. यंत्र महिनाभर उभें राहणार असेल तर बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी आणि टाकी भरून ठेवावी. रिकाम्या टाकींत हवेंतील ओल पाणी होऊन डिझेलांत उतरते. मृगापूर्वीं एक सकाळ ह्या कामास दिली, तर पेरणीची सकाळ वांया जात नाहीं.