सुरक्षित मतदारसंघ : ऑस्ट्रेलियातील इंडायचा धडा

मतपेट्या उघडण्यापूर्वीच ज्याचा निकाल लोक सांगू लागतात, अशा मतदारसंघास राजकारणाच्या परिभाषेत 'सुरक्षित' मतदारसंघ म्हणतात. ऑस्ट्रेलियात या शब्दास ठरावीक माप आहे. शेवटच्या मोजणीत विजयी पक्षास ५६ टक्क्यांहून कमी मते असली, तर मतदारसंघ काठावरचा. ५६ ते ६० टक्के असली, तर बऱ्यापैकी सुरक्षित. आणि त्याहून अधिक असली, तर सुरक्षित समजला जातो. परंतु ही सुरक्षितता नेमकी कोणाची? पक्षाची, उमेदवाराची की मतदारांची? या प्रश्नाच्या उत्तरासाठी इंडाय या एकाच मतदारसंघाचा इतिहास आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

इंडाय हा व्हिक्टोरिया राज्याच्या ईशान्येकडील ग्रामीण मतदारसंघ होय. मरे नदीच्या उगमाकडील प्रवाहाचे नाव इंडाय. त्यावरूनच मतदारसंघास हे नाव मिळाले. उत्तरेस मरे नदी, दक्षिणेस डोंगररांगा, मध्ये शेते आणि कुरणे, आणि वोडाँगा, वँगरॅटा, बीचवर्थ यांसारखी गावे, असा हा प्रदेश आहे. १९०१ साली ऑस्ट्रेलियाची संघराज्य संसद प्रथम निवडली गेली, तेव्हापासून हा मतदारसंघ अस्तित्वात आहे. त्याचे पहिले प्रतिनिधी आयझॅक आयझॅक्स हे एका शिंप्याचे पुत्र. त्यांचे बालपण याच भागात गेले. पुढे ते देशाचे सरन्यायाधीश झाले आणि १९३१ साली, ऑस्ट्रेलियातच जन्मलेले पहिले गव्हर्नर-जनरल होण्याचा मान त्यांना लाभला.

आरंभीच्या तीस वर्षांत इंडाय मुळीच सुरक्षित नव्हता. १९१० ते १९१३ आणि १९१४ ते १९१७ या काळात तो मजूर पक्षाकडे होता. मध्यंतरी व नंतर विरोधकांकडे गेला. १९२८ साली तर एक विलक्षण घटना घडली. १९१९ पासून निवडून येत असलेले कंट्री पक्षाचे रॉबर्ट कुक यांचा उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाला नाही आणि मजूर पक्षाचे पॉल जोन्स बिनविरोध निवडून आले! कायद्याने घालून दिलेली वेळ पाळली नाही, तर जम बसलेल्या खासदाराचेही स्थान एका दिवसात जाते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

१९३१ साली जोन्स पराभूत झाले. तेथून २०१३ पर्यंत, म्हणजे ८२ वर्षे, मजूरविरोधी पक्षांनी हा मतदारसंघ हातचा जाऊ दिला नाही. १९३७ ते १९४९ या काळात येथील प्रतिनिधी असलेले जॉन मॅकएवन पुढे, डिसेंबर १९६७ ते जानेवारी १९६८ मध्ये, अल्पकाळ पंतप्रधानही झाले. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मतदारसंघ बाजूस सुरक्षित होता, व्यक्तीस नव्हता. १९५८ साली कंट्री पक्षाच्या मॅक होल्टन यांनी विद्यमान लिबरल खासदारास हरविले आणि १९७७ साली त्याच होल्टन यांचा पराभव लिबरल उमेदवाराने केला.

एकाच बाजूचे दोन पक्ष परस्परांशी लढत असता तिसऱ्याचा लाभ कसा झाला नाही, असा प्रश्न चाणाक्ष विद्यार्थ्यास पडेल. याचे उत्तर तेथील मतदानपद्धतीत आहे. १९१८ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातील स्वॉन येथील पोटनिवडणुकीत मजूरविरोधी मते फुटली आणि मजूर पक्षाचा उमेदवार सुमारे ३४ टक्के मतांवर विजयी झाला. त्याच वर्षी पसंतीक्रमाचे मतदान सुरू करण्यात आले. मतदार प्रत्येक उमेदवारापुढे १, २, ३ असे क्रम लिहितो. कोणासही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर सर्वांत मागे असलेला उमेदवार गळतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढील पसंतीनुसार इतरांकडे जातात. असे कोणास बहुमत मिळेपर्यंत चालते. आपल्याकडे लोकसभेस मतदार एकालाच मत देतो. परंतु राष्ट्रपतींच्या निवडणुकीत असाच पसंतीक्रम लिहिला जातो. ऑस्ट्रेलियात १९२४ च्या कायद्याने मतदान सक्तीचेही झाले. त्यामुळे निकाल आधीच ठरलेला वाटला, तरी मतदारास घरी बसता येत नाही.

आता २०१३ कडे वळू. सुरक्षित मतदारसंघाची एक अडचण असते : जो जिंकणार हे ठरलेले आहे त्यास मत मागण्याची निकड वाटत नाही आणि जो हरणार हे ठरलेले आहे तो तेथे शक्ती खर्च करीत नाही. मग मोबाईलचा अपुरा संपर्क, रखडणारी रेल्वे यांसारख्या गाऱ्हाण्यांना वाली कोण? मेलबर्नला शिक्षणासाठी व नोकरीसाठी गेलेल्या येथील काही तरुणांनी कॅथी मॅकगोवन यांच्याकडे हीच तक्रार मांडली. त्यातून २०१२ साली 'व्हॉइस फॉर इंडाय' ही चळवळ उभी राहिली. कार्यकर्त्यांनी सभा गाजविल्या नाहीत. घरोघरी, स्वयंपाकघरातील टेबलाभोवती माणसे जमवून 'आपल्या प्रतिनिधीकडून आपली अपेक्षा काय?' एवढेच विचारले आणि उत्तरे लिहून घेतली.

निवडणुकीत मॅकगोवन अपक्ष उभ्या राहिल्या. पहिल्या पसंतीची सुमारे ४५ टक्के मते विद्यमान लिबरल खासदार सोफी मिराबेला यांना, तर सुमारे ३१ टक्के मॅकगोवन यांना मिळाली. आपल्याकडील पद्धतीने मिराबेला सहज विजयी झाल्या असत्या. पण गळालेल्या उमेदवारांची मते मोठ्या संख्येने मॅकगोवन यांच्याकडे आली आणि त्या ४३९ मतांनी निवडून आल्या. देशभर लिबरल व नॅशनल पक्षांच्या युतीस मोठे यश मिळाले, त्याच दिवशी हे घडले. ग्रामीण मते फुटू नयेत म्हणून मजूरविरोधकांनी जी पद्धत आणली, तिनेच त्यांचा गड घेतला!

मॅकगोवन २०१६ मध्ये पुन्हा विजयी झाल्या आणि २०१९ मध्ये स्वतःहून बाजूस झाल्या. त्यांच्या जागी परिचारिका व ग्रामीण आरोग्याच्या संशोधक हेलन हेन्स अपक्ष म्हणूनच निवडून आल्या. एका अपक्षाची जागा दुसऱ्या अपक्षाने घेणे ही विरळाच गोष्ट. २०२० साली त्यांनी भ्रष्टाचारविरोधी आयोगासाठी खासगी विधेयक मांडले. असा राष्ट्रीय आयोग पुढे सरकारच्या कायद्याने स्थापन होऊन जुलै २०२३ पासून काम करू लागला. २०२२ व २०२५ मध्येही हेन्स विजयी झाल्या.

मग इंडाय आता अपक्षांना सुरक्षित झाला काय? आमच्या मते नाही. केवळ मजूर व लिबरल यांची तुलना केली, तर २०२२ मध्येही येथील पारडे लिबरलांकडेच झुकलेले होते. म्हणजे मतदारांचा जुना कल पुसला गेलेला नाही. त्यांनी केवळ आपल्या प्रतिनिधीविषयीची अपेक्षा वाढविली आहे. हेन्स निवृत्त होतील, तेव्हा पुढील उमेदवार तीच घरोघरची पायपीट करील काय आणि युतीतील पक्ष या अवधीत मतदारांचे ऐकावयास शिकतील काय, या दोन गोष्टींवर भवितव्य अवलंबून राहील.

मतदारसंघ ही कोणाची वतनदारी नव्हे. सुरक्षितता ही मतदारांची सवय असते आणि सवय मोडण्याचा अधिकार मतदारांपाशीच असतो. विद्यार्थिमित्रहो, वयाच्या १८ व्या वर्षी आपणांसही तो अधिकार प्राप्त होईल. 'निकाल तर ठरलेलाच आहे, मग माझ्या एका मताने काय होणार?' असे त्या वेळी कोणी म्हणाले, तर त्यास इंडायची ४३९ मते अवश्य सांगावीत.