संरक्षण : एक शब्द, अनेक अर्थ

‘प्रोटेक्शन’ या एका इंग्रजी शब्दासाठी मराठीत अनेक शब्द आहेत आणि प्रत्येकाचे क्षेत्र निराळे आहे. संरक्षण देशाचे, सुरक्षा रहदारीतील, बचाव पुरापासूनचा, तर राखण उभ्या पिकाची.

बारामती व इंदापूर तालुक्यांच्या नित्य व्यवहारात हा भेद स्पष्ट दिसतो. गोफणीने ज्वारीवरील पाखरे हाकणारा राखण करतो. द्राक्षबागेवरील औषधफवारणी हे पीक संरक्षण होय. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यातील चिंकारांना लाभते ते अभय. पीकविमा मात्र नुकसान टाळीत नाही, भरपाई देतो.

सर्वांत जपून वापरावयाचा शब्द म्हणजे ‘संरक्षित पाणी’. 1876-78 च्या भीषण दुष्काळानंतर या अवर्षणप्रवण भागासाठी नीरा डावा कालवा काढण्यात आला व 1885 साली तो सुरू झाला. पुढे त्यावर ऊसही वाढला. तथापि, संरक्षित पाणी म्हणजे उसासारखे बारमाही पाणी नव्हे. पावसाने ओढ दिली असता पीक फुलोऱ्यात किंवा दाणे भरण्याच्या अवस्थेत असताना दिलेली एखाददुसरी पाळी, एवढाच त्याचा अर्थ. पिण्यासाठी राखून ठेवलेले ते ‘राखीव पाणी’.

टंचाईच्या वर्षी ग्रामपंचायतीच्या सूचनाफलकावर या दोन शब्दांची अदलाबदल झाली, तर शेतकऱ्याची पाळी हुकते आणि हातचे पीक जाते. म्हणून सूचना लिहिणाऱ्याने शब्दाबरोबरच पाणी कोणत्या पिकाला, किती वेळा व केव्हा मिळेल, हेही स्पष्ट नमूद करावे. योग्य शब्द हेही एक संरक्षणच आहे.