कारंज्याचे तीन जिल्हे

जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर टांगून शिक्षक पाठास आरंभ करतात, तेव्हा मुलांच्या मनात नकळत एक समजूत रुजते. पूर्णा नदी किंवा गाविलगडचे डोंगर जसे पूर्वापार आहेत, तशीच जिल्ह्याची सीमाही आहे, असे त्यांना वाटते. ही समजूत दूर करण्यास कारंजा गावाइतके सोयीचे उदाहरण वऱ्हाडात क्वचितच सापडेल. श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून हे गाव मुलांना ऐकून ठाऊक असते. १९०५ पूर्वी ते अमरावती जिल्ह्यात होते. त्या वर्षी मूर्तिजापूर तालुक्याबरोबर अकोला जिल्ह्यात गेले. आणि १ जुलै १९९८ पासून ते वाशीम जिल्ह्यात आहे. गाव जागचे हलले नाही, सीमा मात्र दोनदा सरकली.

असे का व्हावे? १८५३ च्या तहाने निजामाने आपल्या कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. त्यांनी प्रथम उत्तर व दक्षिण असे दोन भाग पाडले. त्यांची ठाणी बुलढाणा व हिंगोली ही होती. लवकरच ही वाटणी मोडून पूर्व वऱ्हाड व पश्चिम वऱ्हाड असे दोन जिल्हे झाले. पूर्वेचे ठाणे अमरावती, पश्चिमेचे अकोला. आजचे हे दोन्ही जिल्हे त्या वाटणीतून निघाले. पुढे कारभार वाढला तसे जिल्हेही वाढून सहा झाले. त्यांपैकी एलिचपूर (आजचे अचलपूर) १८६७ मध्ये व वाशीम १८७५ मध्ये निराळे झाले. १९०२ च्या कराराने वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे आले, १९०३ मध्ये ते मध्यप्रांताच्या कारभारास जोडले गेले आणि १९०५ मध्ये सहांचे पुन्हा चार झाले. एलिचपूर व त्याबरोबर मेळघाट अमरावतीत आले. वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्यास मिळाले, पुसद यवतमाळकडे गेले. उलट खामगाव व जळगाव अकोल्यातून निघून बुलढाण्यात गेले.

म्हणजे १९९८ चा वाशीम जिल्हा अगदी नवा नव्हे; परंतु जुन्याची हुबेहूब प्रतही नव्हे. जुन्यातले पुसद परत आले नाही, आणि जुन्यात कधीच नसलेले कारंजा आले. हा फरक मुलांकडून दोन नकाशे शेजारी ठेवून शोधून घ्यावा. आपण सांगू नये.

सीमेइतकाच गावाचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचा इतिहासही उलटसुलट आहे. १९४८ मध्ये जिल्हा कौन्सिले जाऊन तालुक्यापुरत्या जनपद सभा आल्या व प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, तरी जनपद सभा चालूच होत्या. पुसद तालुक्यातील गहुली गावचे वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालावरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. निवडून दिलेली जिल्ह्याची एक संस्था वऱ्हाडास अशी चौदा वर्षांनी पुन्हा लाभली.

ह्या साऱ्याची खूण आपल्या शाळेच्या कपाटातच असते. जुनी शाळा असेल तर दाखल-खारीज रजिस्टर व तपासणीचे शेरेबुक काढून पाहावे. कौन्सिल, जनपद, परिषद असे शिक्के क्रमाने बदलत गेलेले दिसतील. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी आजोबा-पणजोबांच्या नोंदीची नक्कल मागावयास गावकरी येतात, तेव्हा हाच इतिहास कामी पडतो. कारंज्याकडील जुन्या कागदात ‘जिल्हा अमरावती’ किंवा ‘जिल्हा अकोला’ असे आढळले, तर ते लिहिणाऱ्याची चूक समजू नये. नक्कल मुळाबरहुकूम द्यावी. जिल्ह्याचे नाव आपल्या मताने ‘वाशीम’ करून देणारा शिक्षक भल्या हेतूने त्या कुटुंबास अडचणीत टाकतो. हवे तर नोंदीचे वर्ष व त्या वेळचा तालुका अर्जदारास वेगळ्या कागदावर समजावून द्यावा. रजिस्टराची पाने सुटली असतील, तर पावसाळ्यापूर्वी बांधून घ्यावीत. कपाटाच्या खालच्या फळीवर वाळवी आधी लागते.