ओवीला फळं भरवताना

रत्नागिरी, चैत्र

चि. सौ. मीनलला मावशीचे अनेक आशीर्वाद.

ओवीचं उष्टावण छान झालं, हे वाचून फार बरं वाटलं. केळ्याने सर्दी होते असं सासूबाई म्हणतात, तर द्यावं का, असं तू विचारतेस. सर्दी विषाणूंमुळे होते, केळ्याने नाही. ओवीला सहा महिने झालेत, मान धरते, आधाराने बसते. पिकलेलं केळं तिला खुशाल दे. पण वाद घालू नकोस. रात्री नको, सकाळी दे, एवढं त्यांचं ऐकलंस तर काही बिघडत नाही.

मला काळजी वेगळीच आहे. गोड फळ मूल चटकन खातं आणि त्या आनंदात आई दिवसभर तेच भरवत राहते. जन्मताना आणलेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो. केळं, चिकू, आंबा यांत लोह अगदी थोडं. म्हणून मोड आणलेल्या नाचणीचं सत्त्व, मसुराचं वरण घालून तूप-भात, तुमच्यात चालत असेल तर नीट उकडलेलं अंडं, हे आधी. फळ त्याच्या जोडीला. पेरू इथे फार उपयोगी. त्यात संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त क जीवनसत्त्व असतं, आणि धान्य-डाळीतलं लोह अंगी लागायला त्याची मदत होते. पिकून मऊ झालेला पेरू चाळणीवर घास, बिया वर राहतील. वरणभातानंतर दोन चमचे पुरेत. पपईही चांगली. अननसाची घाई नको, आंबटपणाने तोंडाभोवती लाल होतं.

आता आंबा. देठाजवळचा चीक नाजूक त्वचेला बाधतो, ओठांभोवती पुरळ येतं, आणि घरात सगळे म्हणतात आंबा उष्ण पडला. आंबा पाण्यात भिजत ठेव, देठाकडचा भाग कापून टाक, पुन्हा धू, साल जाड काढ आणि फक्त गर चमच्याने दे. साल चोखायला नको. कार्बाइडने फळं पिकवायला बंदी आहे, पण माणसं ऐकतात कुठे! आपल्या आढीतली पेटी पाठवते आहे.

एका वेळी एकच नवं फळ, आणि मग तीन दिवस थांब. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलट्या थांबेनात, तर लगेच डॉक्टर गाठ. साखर-मीठ घालू नकोस. मध आणि फळांचा रस वर्षाची होईपर्यंत नकोच. मिक्सरही नको, काट्याने कुस्कर, आणि आठव्या महिन्यानंतर थोड्या गुठळ्या राहू दे, म्हणजे चघळायला शिकेल.

चिकूच्या बीला टोकाशी आकडा असतो, ती घशात रुतते. बिया स्वतः मोजून काढ. सीताफळाचंही तेच. फणसाचा बरका गरा बुळबुळीत, तो आत्ता अजिबात नको. द्राक्ष थोडी मोठी झाल्यावरही उभं चिरूनच.

घास लागला आणि मूल खोकत असेल तर खोकू दे, तोंडात बोट घालू नकोस. आवाजच फुटत नसेल तर हातावर पालथं, डोकं खाली धरून, पाठीत तळहाताने पाच थापा मारायच्या असतात. पुढचं तुम्ही दोघांनी आणि सासूबाईंनीसुद्धा बालरोगतज्ज्ञांकडून प्रत्यक्ष करून शिकून घ्या, पेटी पोचायच्या आत.

तुझी,
मावशी