नवा मोटारसायकलस्वार आणि रोह्याचा रस्ता

रोहा तालुक्यात मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. धाटाव औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा कामगार, कुंडलिकेकाठच्या गावांतून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी, एस. टी.ची वेळ न जुळणारा शिक्षक अशा अनेकांची भिस्त दुचाकीवर असते. मात्र ज्या वाहनावर एवढी भिस्त, ते चालविण्याचे शिक्षण बहुधा थोरल्या भावाच्या किंवा शेजाऱ्याच्या देखरेखीखाली एखाद्या संध्याकाळी आटोपले जाते. गाडी पुढे गेली की ती ‘आली’, अशी समजूत असते. वस्तुतः मोटारसायकल पुढे नेणे हा या विद्येतील सर्वांत सोपा भाग होय. ती हव्या त्या जागी थांबविता येणे, हा खरा पहिला धडा आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होत्या. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती आणि त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते.

शिक्षणाचा आरंभ अनुज्ञप्तीपासून, म्हणजेच लायसन्सपासून, व्हावयास हवा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार गिअरची मोटारसायकल चालविण्यास वयाची १८ वर्षे पूर्ण असणे आवश्यक आहे. पालकांच्या संमतीने १६ व्या वर्षी मिळणारी सवलत केवळ ५० घन सेंटिमीटरपर्यंतच्या बिनगिअरच्या वाहनापुरती आहे. बाजारात सर्रास दिसणाऱ्या स्कूटर ११० किंवा १२५ घन सेंटिमीटरच्या असतात. त्यामुळे ‘बिनगिअरची आहे, मुलाला चालते’ हा गावोगावी ऐकू येणारा युक्तिवाद कायद्यात टिकत नाही. २०१९ च्या सुधारणेने या बाबतीत पालकांना थेट जबाबदार धरले आहे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलास वयाच्या २५ वर्षांपर्यंत अनुज्ञप्ती मिळू शकत नाही. शाळेच्या पालकसभेत इतर विषयांबरोबर एवढी माहिती दिली गेली, तरी पुष्कळ घरांतील किल्ली खुंटीवरून हलणार नाही.

शिकाऊ अनुज्ञप्ती सहा महिने वैध असते आणि ती मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या अनुज्ञप्तीची परीक्षा देता येते. हे ३० दिवस केवळ कागद पिकण्यासाठी नाहीत. या काळात वाहनाच्या पुढे व मागे पांढऱ्या पाटीवर तांबडे ‘एल’ अक्षर लावावे लागते, आणि शिकविणाऱ्याखेरीज अन्य कोणास मागे बसविता येत नाही.

पहिले काही दिवस मोकळ्या, सपाट मैदानातच सराव करावा. सायकलवरून आलेल्या नवशिक्यास तोल सांभाळण्याची अडचण येत नाही. अडचण येते ती जुन्या सवयींची. घाबरल्यावर तो पाय जमिनीवर टेकवून गाडी रोखू पाहतो किंवा मूठ घट्ट आवळतो. मूठ आवळताना ती मागे फिरली की ‘रेस’ वाढते आणि गाडी थांबण्याऐवजी उसळते. म्हणून क्लच हळूहळू सोडताना गाडी नेमकी कोठे ओढ घेते, हे प्रथम रेस न देता ओळखावे. गिअरचा क्रमही सर्व गाड्यांत सारखा नसतो. काहींत सर्व गिअर पुढे दाबून पडतात, तर काहींत पहिला खाली व उरलेले वर असतात. शेजाऱ्याच्या गाडीवर शिकून स्वतःची गाडी घेणाऱ्याने हा फरक विसरू नये.

पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते, या भीतीने अनेक जण वर्षानुवर्षे केवळ मागच्या ब्रेकवर विसंबतात. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो. त्यामुळे कोरड्या रस्त्यावर थांबविण्याचे बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. तो झटक्याने नव्हे, तर क्रमाक्रमाने दाबावा, चाक सरळ असताना दाबावा आणि मागच्याची जोड द्यावी. १ एप्रिल २०१९ पासून नव्या दुचाकींवर क्षमतेनुसार एबीएस किंवा संयुक्त ब्रेक बंधनकारक आहे. परंतु नवशिक्याच्या हाती बहुधा घरातील जुनी गाडी येते आणि तिच्यात ही सोय नसते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर सुमारे चौपट होते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी, ब्रेककडे हात जाण्यापूर्वीच, दर सेकंदाला १६ मीटरहून अधिक पुढे जाते. मैदानात खुणेचा दगड ठेवून, वेग थोडा थोडा वाढवीत, त्या दगडाशी थांबण्याचा सराव केल्यास हे गणित अंगवळणी पडते.

मैदानातून थेट कोलाडला जाऊन महामार्ग क्रमांक ६६ गाठण्याचा मोह टाळावा. आधी गावातील रस्ता, मग कमी रहदारीचा तालुक्याचा रस्ता, पुढे धाटावकडील अवजड वाहनांचा रस्ता आणि सर्वांत शेवटी नागोठण्याकडील भिसे खिंड, असा क्रम ठेवणे हिताचे होय. खिंडीच्या वळणावर वेग वळण्यापूर्वीच कमी करावा आणि नजर वळणाच्या पलीकडील रस्त्यावर ठेवावी. समोरच्या ट्रककडे टक लावून पाहिले की गाडीही तिकडेच ओढली जाते.

कोकणात शिकणाऱ्यास पावसाळा चुकत नाही. पहिल्या सरींत रस्त्यावरील तेल व धूळ यांचा चिकट थर तयार होतो. लावणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातला चिखल डांबरावर येतो, आणि सावलीतल्या वळणावर शेवाळ धरते. कोरडी जागा म्हणून गुरे रस्त्यातच बसतात. रंगविलेले पट्टे व लोहमार्गाचे रूळ ओले असताना निसरडे होतात. रूळ शक्यतो काटकोनातच ओलांडावेत. साकवावरून पाणी जात असेल तर खोलीचा अंदाज घेत बसू नये, परत फिरावे. शिकण्यास डिसेंबरचा महिना जूनपेक्षा केव्हाही बरा.

मागे बसणाऱ्याचा विचार पक्की अनुज्ञप्ती मिळाल्यावर सुरू होतो. साडीचा पदर व ओढणी मागच्या चाकात अडकू नये म्हणून चाकाचे जाळीदार आवरण नियमाने आवश्यक आहे. शोभेसाठी ते काढून टाकण्याची पद्धत घातक आहे. चार वर्षांखालील मुलास नेताना सुरक्षा पट्टा बांधावा, नऊ महिन्यांवरील अशा मुलास हेल्मेटही घालावे आणि वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा, असा नियम २०२२ मध्ये अधिसूचित झाला. अंगणवाडीच्या दारात हा नियम सांगणारे कोणी तरी हवे. हेल्मेट भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह असलेले घ्यावे व त्याचा हनुवटीखालचा पट्टा बांधावा. न बांधलेले हेल्मेट पडताना डोक्याआधीच निघून जाते.

पक्क्या अनुज्ञप्तीची परीक्षा पेण येथील परिवहन कार्यालयात द्यावयाची असल्यास एक विसंगती उद्भवते. परीक्षा देण्यापूर्वीच उमेदवारास नागोठणे व वडखळमार्गे महामार्गावरील कठीण प्रवास करावा लागतो. अशा वेळी पेणपर्यंत गाडी अनुज्ञप्तीधारक जाणत्या व्यक्तीने चालवावी आणि उमेदवाराने हेल्मेट घालून मागे बसावे.