जुन्या लॅपटॉपवर लिनक्स : वर्गासाठी मराठी डेस्कटॉपची मांडणी

(प्राथमिक शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

१. पाठाचा हेतू

अनेक शाळांच्या कपाटांत एखाददुसरा जुना लॅपटॉप पडून असतो. कोणी देणगीदार तो देतो, दोन वर्षे त्याचा उपयोग होतो, पुढे तो मंदावतो आणि अखेरीस जडवस्तू संग्रह नोंदवहीतील एक ओळ एवढेच त्याचे अस्तित्व उरते. दिनांक १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार संपला. त्यामुळे नव्या प्रणालीच्या अटी पुऱ्या न करणारे पुष्कळ लॅपटॉप, यंत्र धडधाकट असूनही, निरुपयोगी ठरविले जाण्याचा संभव आहे. अशा यंत्रावर लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवून त्याचा पडदा मराठी माध्यमाच्या मुलांना वापरता येईल असा कसा मांडावा, हे दाखविणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

उदाहरणासाठी मीरा-भाईंदरच्या पश्चिमेस, उत्तनच्या वाटेवर वसलेले डोंगरी हे गाव डोळ्यांसमोर ठेवू. समुद्र जवळ, हवा खारट, पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. कोळीवाड्यांतील व शेतकरी घरांतील मुले घरी जी बोली बोलतात ती पुस्तकी मराठीहून थोडी निराळी. अशा गावातील शिक्षकापुढे एक जुना लॅपटॉप व चाळीस मुले आहेत अशी कल्पना करावी आणि पुढील पाठ वाचावा.

२. पूर्वपीठिका

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहून तो सर्वांस खुला केला. त्याआधी, १९८३ मध्ये, रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू हा प्रकल्प जाहीर केला होता. या दोन प्रयत्नांच्या संगमातून आजची प्रणाली उभी राहिली. ती कोणीही वापरावी, तिची प्रत दुसऱ्यास द्यावी, ती उघडून पाहावी आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलावी, अशी तिच्या परवान्याची रीत आहे. शाळेच्या दृष्टीने यांतील शेवटची मुभा सर्वांत मोलाची होय.

आपल्याकडेही या दिशेने काम झाले आहे. २००० च्या सुमारास इंडलिनक्स या स्वयंसेवी प्रयत्नाने भारतीय भाषांत डेस्कटॉप आणण्याचे कार्य हाती घेतले. सी-डॅक या शासकीय संस्थेची बॉस ही लिनक्स प्रणाली २००७ मध्ये निघाली. पुण्यातील रेड हॅटच्या भाषांतरकारांनी मराठी आज्ञावली घडविण्यास हातभार लावला. केरळ राज्यात २००१ मध्ये सुरू झालेल्या आयटी ॲट स्कूल या प्रकल्पातून शासकीय शाळांत मुक्त प्रणाली रुजली.

३. खैरातचा धडा

रायगड जिल्ह्यातील खैरात येथील लहानशा एकशिक्षकी प्राथमिक शाळेत २००७ मध्ये मुलांच्या हाती एक्सओ नावाचे छोटे हिरवे-पांढरे लॅपटॉप देण्यात आले. 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या आंतरराष्ट्रीय योजनेचा भारतातील तो आरंभीचा प्रयोग होता. या यंत्राची स्मृती अवघी २५६ मेगाबाइट. परंतु त्याचा साडेसात इंची पडदा उन्हातही वाचता येत असे.

त्याचा डेस्कटॉप विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. 'शुगर' नावाचा हा डेस्कटॉप लिनक्सवरच उभा होता. मात्र कचेरीतील टेबल, फायली आणि कप्पे यांची कल्पना त्याने बाजूस सारली होती. पडद्याच्या मध्यभागी मुलाची आकृती, तिच्याभोवती त्याच्या उद्योगांची चिन्हे, दुसऱ्या दृश्यात शेजारच्या मुलांची यंत्रे, आणि केलेल्या कामाची आपोआप भरत जाणारी रोजनिशी, अशी त्याची रचना होती. ज्या मुलाने कचेरी कधी पाहिली नाही त्याला कचेरीची उपमा कशास, हा विचार त्यामागे होता.

ही योजना देशात पसरली नाही. खैरातच्या प्रयोगापूर्वीच, २००६ मध्ये, केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ती नाकारली होती. आणि २०१४ च्या सुमारास अमेरिकेतील मूळ संस्थेचे कार्यही आवरले गेले. तथापि दोन गोष्टी शिक्षकांनी त्यातून घ्याव्यात. पहिली, पडद्याची मांडणी ही ठरीव वस्तू नाही. ती मुलाकडे पाहून बदलता येते. दुसरी, ज्या यंत्राची देखभाल शाळेतील माणसाच्या हाती नाही ते यंत्र शाळेचे होत नाही.

४. पूर्वतयारी

(अ) यंत्राची स्मृती, म्हणजे रॅम, पाहावी. ४ गिगाबाइट असल्यास लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती सोयीची पडते. २ गिगाबाइटवरही ती चालते, परंतु सावकाश. फार जुनी काही यंत्रे ३२ बिटांची असतात. आजच्या बहुतेक प्रती ६४ बिटांसाठी निघतात. तेव्हा हे आधी तपासावे.

(आ) किमान ८ गिगाबाइटचा पेन ड्राइव्ह घ्यावा. प्रणालीची फाइल त्यावर नुसती उतरवून भागत नाही. एचर किंवा रुफस यांसारख्या साधनाने ती 'लिहावी' लागते. असे करताना पेन ड्राइव्हवरील पूर्वीचे सर्व काही पुसले जाते.

(इ) लॅपटॉपवरील सर्व कागदपत्रे, म्हणजे निकालपत्रके, हजेरी, छायाचित्रे, दुसऱ्या दोन ठिकाणी उतरवून घ्यावीत आणि त्या प्रती प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे.

५. कृती : प्रथम पाहणी, मग स्थापना

पेन ड्राइव्ह लावून यंत्र सुरू करताना एफ १२, एफ ९, एफ २ किंवा एस्केप यांपैकी एक कळ दाबावी लागते. कोणती, हे यंत्राच्या बनावटीवर अवलंबून असते. आलेल्या यादीतून पेन ड्राइव्ह निवडला की लिनक्स थेट त्याच्यावरूनच सुरू होते. या अवस्थेत आतील डिस्कला हात लागत नाही. भाड्याचे घर घेण्यापूर्वी नळाला पाणी येते काय हे जसे आपण पाहतो, तसे येथे वायफाय, आवाज, टचपॅड, पडद्याचा उजेड आणि प्रिंटर चालतात काय ते पाहून घ्यावे. यांपैकी काही अडत असेल तर स्थापना थांबवून आधी त्याचा उपाय शोधावा.

सर्व ठीक असल्यास चार्जर जोडूनच स्थापना सुरू करावी. अर्ध्यावर वीज गेल्यास बॅटरी टिकेल याची खात्री नसेल तर पावसाळी दुपारी हे काम काढू नये. स्थापनेत एक प्रश्न निर्णायक असतो : नवी प्रणाली जुन्या प्रणालीच्या शेजारी ठेवावयाची की सर्व डिस्क पुसून बसवावयाची? दुसरा पर्याय सुटसुटीत आहे, परंतु त्यानंतर मागे फिरता येत नाही. कलम ४ (इ) प्रमाणे प्रती उघडून पाहिल्याशिवाय त्या कळीवर बोट ठेवू नये.

स्थापनेनंतर दोन खाती करावीत. एक शिक्षकाचे, ज्यास प्रणालीत बदल करण्याचा अधिकार आहे. दुसरे मुलांचे, ज्यास तो नाही. मुलांच्या खात्यातून कितीही खटपट झाली तरी प्रणालीचा पाया शाबूत राहतो. मग मुलांना निर्धास्तपणे हाताळू देता येते, आणि हाताळल्याशिवाय शिक्षण नाही. टाइमशिफ्ट या साधनाने प्रणालीची एक सुस्थितीतील प्रतही जतन करून ठेवावी; मात्र ती प्रणालीची प्रत असते, मुलांच्या लेखनाची नव्हे. त्या लेखनाची प्रत निराळी घ्यावी.

६. मराठी लेखनाची सोय

भाषांच्या यादीतून मराठी निवडून बाहेर पडावे आणि पुन्हा आत यावे. बरेचसे शब्द मराठीत दिसू लागतात, काही इंग्रजीत राहतात. त्याने खिन्न होऊ नये. हे भाषांतर स्वयंसेवकांनी केलेले असून त्यात भर घालण्याचा मार्ग शिक्षकांसही मोकळा आहे.

यानंतर कीबोर्डच्या मांडणीत मराठी इनस्क्रिप्ट जोडावी आणि आल्ट व शिफ्ट यांसारखी एखादी जोडकळ भाषा बदलण्यासाठी ठरवावी. इनस्क्रिप्टची रचना वर्णमालेच्या शास्त्राला धरून आहे. डाव्या हाताखाली स्वर व त्यांची चिन्हे, उजव्या हाताखाली बहुतेक व्यंजने. क आणि ख, ग आणि घ, त आणि थ या जोड्या एकेका कळीवर असतात. नुसती कळ दाबली की अल्पप्राण, शिफ्ट धरून दाबली की महाप्राण. वर्णमाला शिकविणाऱ्या शिक्षकास ही मांडणी परकी वाटण्याचे कारण नाही.

मुलांना पहिला शब्द गावाचे नाव द्यावा. 'डोंगरी' : ड, ओकार, अनुस्वार, ग, र, दीर्घ ईकार, अशा सहा कळा. त्यानंतर 'शिंपला' द्यावा. येथे मूल हमखास अडते. कागदावर वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, म्हणून ते आधी वेलांटीची कळ दाबते. त्यास सांगावे की, यंत्राला डोळ्यांनी दिसते ते नव्हे, तोंडाने उच्चारले जाते ते सांगावयाचे. आधी श, मग इकार. वेलांटी तिच्या जागी नेऊन ठेवण्याचे काम यंत्राचे. एवढ्या एका शब्दात अक्षर आणि उच्चार यांचे नाते मुलाच्या बोटांना कळते.

वरच्या इयत्तेस 'दर्या' आणि 'दऱ्या' ही जोडी द्यावी. पहिला शब्द समुद्राचा. त्यात र चा पाय मोडून य जोडला की रफार येतो. दुसरा डोंगरांमधल्या दरीचे अनेकवचन. त्यासाठी शिफ्टसह र ची कळ दाबून, मग पाय मोडून, मग य. किनाऱ्यावरच्या मुलाला पहिल्या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. दुसऱ्यासाठी फळ्यावर चित्र काढावे. हा भेद मराठीत अर्थाचा भेद आहे, म्हणून तो लेखनात नीट उतरलाच पाहिजे.

फॉन्ट निवडताना ल पाकळीचा आणि श देठाचा, म्हणजे पाठ्यपुस्तकात असतो तसाच दिसतो काय ते पाहावे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने तयार केलेला मुक्ता हा फॉन्ट मोफत मिळतो व लहान पडद्यावर स्वच्छ वाचता येतो.

७. पडद्याची मांडणी

(अ) पडद्यावर पाचच चिन्हे ठेवावीत : लेखनासाठी लिब्रेऑफिस रायटर, चित्रांसाठी टक्स पेंट, खेळातून अभ्यासासाठी जीकॉम्प्री, वाचनासाठी किविक्स, आणि 'आमचे लेखन' नावाचे फोल्डर. बाकीची साधने मेनूत असतातच.

(आ) किविक्समध्ये मराठी विकिपीडियाची प्रत उतरवून ठेवता येते. २००३ मध्ये आरंभ झालेला हा ज्ञानकोश मग इंटरनेट नसतानाही वाचता येतो. ज्या वर्गात जाळ्याचा भरवसा नाही तेथे हे एक साधन पुष्कळ पुस्तकांचे काम करते.

(इ) अक्षरे व चिन्हे मोठी करावीत. चार मुले एका पडद्याभोवती बसतात हे ध्यानात धरून मागच्या मुलाला वाचता येईल असा आकार ठेवावा.

(ई) खालची पट्टी, म्हणजे पॅनेल, कुलूपबंद करावी, म्हणजे ती चुकून ओढली जाणार नाही. तीवर घड्याळ, बॅटरी आणि चालू भाषेचे चिन्ह एवढेच असावे.

(उ) पार्श्वभूमीस मुलांनी काढलेले चित्र लावावे व ते दरमहा बदलावे. वलांडीवर वाळत घातलेले बोंबील, धारावीच्या किल्ल्याचा बुरूज, होडी, काहीही चालेल. आपले चित्र पडद्यावर पाहिलेले मूल त्या यंत्राला परके मानत नाही.

ही सर्व मांडणी मुलांच्या खात्यातील, नावाच्या आरंभी टिंब असलेल्या लपलेल्या फोल्डरांत साठविली जाते. कंट्रोल व एच या कळा दाबल्या की ती दिसतात. मांडणी पूर्ण झाल्यावर त्यांची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. पुढे मांडणी बिघडली तर ती प्रत परत ठेवून पूर्ववत करता येते, आणि दुसऱ्या यंत्रासाठीही तिचा उपयोग होतो.

८. देखभाल

समुद्राकाठच्या हवेत यंत्र उघडे ठेवू नये; काम संपताच कोरड्या कापडाने पुसून बंद पेटीत ठेवावे. मात्र आठवड्यातून एकदा तरी ते चालवावेच. महिन्यातून एकदा शिक्षकाच्या खात्यातून सुधारित आवृत्त्या उतरवून घ्याव्यात.

सर्वांत महत्त्वाची सूचना अशी. शिक्षकाची बदली होते, लॅपटॉपची होत नाही. परवलीचा शब्द एकाच माणसाच्या स्मरणात असेल तर तो माणूस जाताच यंत्र पुन्हा कपाटात जाते, आणि त्याबरोबर मुलांचे वर्षभराचे लेखनही. म्हणून परवलीचा शब्द बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या स्वाधीन असावा; आणि काय बसविले, कोणत्या दिवशी, कोणती मांडणी केली, कोणती अडचण आली व ती कशी सुटली, याची साध्या मराठीत लिहिलेली एक वही यंत्राच्या पेटीतच ठेवावी. नव्याने येणाऱ्या शिक्षकास ती वही वाचून पहिल्याच दिवशी यंत्र सुरू करता आले, तर हे काम पुरे झाले असे समजावे.

९. स्वाध्याय

१. आपल्या शाळेतील लॅपटॉपची स्मृती, डिस्कची क्षमता व तो किती बिटांचा आहे, हे पाहून नोंदवावे.

२. प्रणाली न बसविता पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवावे आणि काय चालले, काय अडले, याचे टिपण करावे.

३. 'शिंपला', 'शक्ती', 'दर्या', 'दऱ्या' हे शब्द स्वतः टंकून प्रत्येकाचा कळांचा क्रम लिहावा.

४. मुलांकडून घरच्या बोलीतील दहा शब्द जमवून 'आमचे लेखन' या फोल्डरात त्यांची पहिली यादी करावी. शब्द मुलांनी स्वतःच टंकावेत. शिक्षकाने शेजारी बसावे.