पूर ओसरल्यानंतरचा शेजार



चार संग्रहवस्तू आपण सर्वांनी कधी ना कधी पाठ केल्या आहेत. दान, प्रियवचन, अर्थचर्या आणि समानता. चौथीला पालीत समानत्तता म्हणतात. येथे संग्रह म्हणजे साठवण नव्हे. माणसांना एकत्र बांधून ठेवणे हा त्याचा अर्थ. राजगृहाच्या सिगाल नावाच्या गृहपतिपुत्राला भगवंतांनी सहा दिशांचा खरा अर्थ सांगितला. उत्तर दिशा म्हणजे मित्र व सोबती, असे त्यात आहे. त्यांच्याशी या चार गोष्टींनी आणि दिलेला शब्द पाळून वागावे. मग ते भयात आसरा होतात, संकटात टाकून जात नाहीत. पाठ करायला हे सोपे आहे. परवापर्यंत ज्या गल्लीत छातीइतके पाणी होते, त्या गल्लीत हे कसे आचरायचे, ते या पाठात पाहू.

उदाहरणासाठी महाड शहर घेऊ. महाडचे नाव निघाले की आपल्याला १९२७ साल आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु महाड हे पुराचेही गाव आहे. सावित्री महाबळेश्वराच्या डोंगरातून उतरते, गांधारी तिला महाडजवळ मिळते, आणि खालून खाडीची भरती पाणी अडवते. २००५ च्या जुलैमध्ये शहर बुडाले होते. पुन्हा २२ जुलै २०२१ ला बुडाले. त्याच सुमारास महाबळेश्वरात चोवीस तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस झाला. बाजारपेठेतले तळमजले पाण्याखाली गेले, वीज व फोन बंद पडले. त्याच दिवशी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली.

पाणी चढत असते तेव्हा शेजार चांगलाच असतो. ज्याला माडी आहे तो तळमजल्यावरच्याला वर घेतो. चुलीवर कोणाची भाकरी भाजली गेली हे त्या रात्री कोणी विचारत नाही. पुढचे चार दिवसही बरे जातात. बाहेरगावाहून टेम्पो येतात, बिस्किटे, चादरी, पाण्याच्या बाटल्या वाटल्या जातात. ही पहिली संग्रहवस्तू, दान. ती थोर आहे, पण चौघींत तीच सर्वांत सोपी, हे ध्यानात ठेवा. देणाऱ्याचा हात वर असतो आणि घेणाऱ्याचा खाली. पुरात सर्वस्व गेलेल्या माणसाला सारखे खालीच हात धरायला लावले, तर दानातून संग्रह होत नाही.

खरी परीक्षा आठव्या-दहाव्या दिवशी सुरू होते.

पाण्यापासून आरंभ करू. पुराचे पाणी विहिरीत, टाकीत शिरते तेव्हा गोठ्यातले शेण, उंदरांचे व गुरांचे मूत्र, संडासाच्या टाकीतला मैला, सारे त्यात उतरते. लेप्टोस्पायरोसिस हा रोग अशा मुतानेच पसरतो; पायाला लहानशी चीर असली तरी चिखलातून त्याचे जंतू शरीरात शिरतात. म्हणून गाळ काढताना गमबूट व हातमोजे हवेत, आणि ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या तर दुखणे अंगावर न काढता दवाखाना गाठावा. विहीर उपसून तिच्यात ब्लीचिंग पावडर घालावी, पिण्याचे पाणी उकळावे किंवा त्यात मेडिक्लोर घालावे.

आता १९२७ चे आठवा. २० मार्चला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. नगरपालिकेने ते तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव आधीच झाला होता. तरी सनातन्यांनी १०८ घागरी पाणी उपसून, त्यात पंचगव्य ओतून तळे 'शुद्ध' केले. म्हणजे जे शेण आणि गोमूत्र पाण्यात शिरले म्हणून आज आरोग्य खाते औषध टाकते, तेच पाण्यात घालून त्यांनी पाणी शुद्ध केले! माणसाचा स्पर्श त्यांना घाण वाटला. तळ्यावरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने मान्य करीपर्यंत १७ मार्च १९३७ उजाडले. पुरानंतर कोणत्या विहिरीवर प्रथम कोण, टँकरची नळी कोणाच्या दाराशी थांबते आणि कोणाच्या वस्तीच्या तोंडाशीच संपते, हे पाहताना हा इतिहास विसरू नका.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. पूर ओसरला की कुठे कोपऱ्यात मेलेले कुत्रे, कुठे फुगलेली म्हैस सापडते. वास सुटतो. गल्लीतला कोणीतरी म्हणतो, "कोणाला तरी बोलवा." हा 'कोणीतरी' कोण, हे तुम्हाला सांगावयास नको. बोलणाऱ्याच्या मनात वाईट हेतू असतोच असे नाही. त्याच्या जिभेला ते वळण आजोबांपासून लागलेले आहे. महाडच्या त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्याचा उपदेश केला. मेलेली गुरे ओढण्याचे काम आपल्या वाडवडिलांनी गावाचा बहिष्कार सोसून सोडले. मग आता काय करावे? ढोर तर उचललेच पाहिजे. रोगराईला जात नसते.

माझे मत असे. सबंध गल्लीने दोराला हात घातला, तर आपणही घालावा, आणि पुढे होऊन घालावा. आपल्या एकट्याकडेच बोट झाले, तर नम्रपणे पण स्पष्टपणे नाही म्हणावे, आणि नगरपालिकेला कळवावे. ते तिचे काम आहे. साधने व योग्य मजुरी देऊन तिने ते करवून घेतले पाहिजे. तुंबलेल्या संडासाच्या टाकीत तर कोणालाही उतरवू नये; सुरक्षा साधनांशिवाय तसे उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. विनयात एक प्रसंग आहे. पोटाच्या आजाराने एक भिक्खू आपल्याच मैल्यात पडून होता. भगवंतांनी त्याच्या अंगावर पाणी ओतले, आनंदांनी ते धुतले. एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायाकडून धरून त्याला मंचकावर ठेवले. घाण उपसण्यासाठी त्यांनी कोणाला हाक मारली नाही. समानत्तता ती हीच.

२०२१ मध्ये ठाणे, नवी मुंबई येथील महापालिकांचे सफाई कामगार महाडचा गाळ काढायला गेले होते. त्यांतले बहुतेक कोणत्या वस्त्यांतून आले असतील, ते वाचकांनी आपल्या मनाशी ताडून पाहावे. अशांना कोणत्या कपात चहा मिळतो, आणि तो कप मागून कोठे ठेवला जातो, ही बारीक गोष्ट नव्हे.

प्रियवचनाबद्दल थोडेच सांगतो. ज्याची चूल चिखलात गेली त्याला "घर इतके खाली कशाला बांधलेत?" असे विचारू नये. पूररेषेत स्वस्त जागाच गरिबाला मिळते, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते.

अर्थचर्या म्हणजे दुसऱ्याच्या हिताचे काम करणे. पुरानंतर ते काम बरेचसे कागदाचे असते. ३ ऑगस्ट २०२१ ला राज्य शासनाने जाहीर केलेल्या मदतीत कुटुंबामागे १०,००० रुपये, दुकानदाराला कमाल ५०,००० आणि टपरीवाल्याला कमाल १०,००० असे आकडे होते. परंतु पंचनामा झाला नाही तर यातले काही हाती येत नाही. तलाठी येतो तेव्हा भाडेकरू कामावर असतो. कधी घरमालक त्याचे नावच सांगत नाही. शिधापत्रिका चिखलात विरघळलेली असते, किंवा गावाकडच्या पत्त्यावर असते. एकटी राहणारी म्हातारी दारात उभी राहते, पण काय विचारावे ते तिला कळत नाही. पंच म्हणून सही शेजाऱ्यांचीच लागते. तेव्हा त्या दिवशी घरी थांबा. ओले कागद सावलीत, एकेक पान सुटे करून वाळवा. दुसऱ्याचे नुकसान जसे आहे तसे लिहून घ्यायला लावा. फुगवून लिहिण्याचा आग्रह झाला तर चौथे शील आठवा; खोट्या यादीमुळे खऱ्या गरजवंताची चौकशी लांबते, हा व्यवहारही त्यात आहे. आणि गल्लीतल्या ज्या घराशी तुमचे बोलणे बंद आहे, त्या घराचा पंचनामा चुकला असेल तर तुम्हीच जाऊन सांगा.

पुढील अभ्यासवर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या गल्लीचा एक कागद करून आणावा. त्यावर घरे काढावीत. कोणाला माडी आहे, कोण तळमजल्यावर, कोण अंथरुणाला खिळलेले, कोणाच्या घरी पोहणारा मुलगा, विहीर कोणाच्या परसात, भाडेकरू कोण, कोणाची कागदपत्रे येथली नाहीत. ज्या घराविषयी तुम्हाला काहीच लिहिता आले नाही, ते घर कोरे सोडा. वर्गात आपण त्या कोऱ्या घरांपासून सुरुवात करू.